शेवटची रांग

मध्यंतरानंतर दिवे मंदावले तेव्हा पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती, आणि ती पाहून आर्किटेक्टबाई मान वळवून इकडेतिकडे शोधू लागली. नाट्यगृह तिने बांधलेलं, आजचा उद्घाटनाचा प्रयोग तिच्याच मानाचा, आणि खुर्ची तिच्या बाबांची. नवा कोट चढवून, समितीच्या अध्यक्षांच्या शेजारी बसवलेला म्हातारा मध्यंतरात पसार झाला होता.

अध्यक्षांनी भुवई उंचावून तिच्याकडे पाहिलं. या अध्यक्षांशी तिचं वर्षभर वाजलं होतं. जिथे पूर्वी कातड्याची गोदामं होती आणि माणूस नाक धरूनच चालायचा, तिथे शहराने आता नाटक-सिनेमाची अख्खी पेठ उभी केली होती. घड्याळाच्या मनोऱ्याचं सिनेमागृह, काचेचं संगीत सभागृह, मधोमध कारंजं आणि टोकाला हे नाट्यगृह. याला घुमट हवा, पुलावरून दिसला पाहिजे, हा अध्यक्षांचा हट्ट. घुमटाखाली शब्द घुमतात, कळत नाहीत, असं सांगून तिने घुमट नकाशातूनच उडवला आणि तो खर्च आतल्या लाकडी छतावर घातला. पेपरवाल्यांनी इमारतीला खोकं म्हटलं. ती म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू येऊ दे, मग खोकं म्हणा नाहीतर डबा. बोलून तर बसली होती, पण आता ते खरं करून दाखवायचं होतं.

ती अंधारात भिंतीच्या कडेकडेने मागे गेली. वाटलं होतं तसंच. बाबा शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसले होते. कोट काढून मांडीवर घेतलेला. जुन्या पत्र्याच्या थिएटरात ते डोअरकीपर होते आणि जन्मभर नाटकं पाहिली ती अशाच दाराजवळच्या जागेवरून, तीही उभ्याने. मागे अर्धं नाटक पत्राच खातो, असं ते म्हणायचे. तरी घरी आले की जेवता जेवता पोरांना अख्खं नाटक म्हणून दाखवायचे, राजासकट आणि राणीसकट. धाकटीला, म्हणजे तिला, नाटकाचं वेड लागलं ते त्या पानावर बसून.

ती गुपचूप शेजारी बसली. आजचं नाटक त्याच पत्र्याच्या थिएटरातलं, कित्येक वर्षांनी पुन्हा उभं राहिलेलं. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, पण बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. शेवटी मुलगा होडीत बसतो आणि आई काठावरून एकच वाक्य म्हणते. हळू, जवळजवळ स्वतःशीच. ते वाक्य तिला पाठ होतं. ती परगावी शिकायला निघाली तेव्हा बाबांनी सामान गाडीत चढवलं, आणि ऐन वेळी दुसरं काही सुचेना म्हणून तेच म्हटलं: "दार उघडंच आहे, कधीही ये." नाटकातलं वाक्य आहे हे ठाऊक असूनही ती अर्धा प्रवास रडत होती.

रंगमंचावर होडी हलली. सभागृह चिडीचूप. नटीने पाण्याकडे तोंड फिरवलं, म्हणजे प्रेक्षकांकडे पाठच केली, आणि हलकेच म्हणाली,

"पोचलास की कळव."

पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा मात्र हलले नाहीत.

"एवढंच?" ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे झुकली. "बाबा, नीट ऐकू नाही आलं का?"

"आलं की. लख्ख आलं. शेजारी बसून म्हटल्यासारखं." ते अजून पडद्याकडेच बघत होते. "मला इतकी वर्षं वाटत होतं, काहीतरी मोठं म्हणत असेल ती."

"मग ते दाराचं?"

"अगं ठमे, मागे ऐकू कुठे यायचं? आणि तुम्ही पोरं घास हातात धरून तोंडाकडे बघत बसायचात. घातलं पदरचं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. राजाचं भाषण, राणीचा शाप, विदूषकाच्या कोट्या, त्यातलं किती नाटककाराचं आणि किती या माणसाचं, कोण जाणे. आपण बांधलेल्या नाट्यगृहाचा तिला सकाळपासून अभिमान वाटत होता. आता वाटला तो त्याहून मोठा होता, आणि तो छताबद्दल नव्हता.

तेवढ्यात अध्यक्ष वाट काढत आले. चेहऱ्यावरून राग पार गेलेला. मागच्या रांगांमधली माणसंही डोळे पुसताहेत, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि घुमटाचं आता राहू द्या म्हणाले. मग बाबांकडे वळले.

"काय काका, कसं वाटलं?"

बाबांनी मान वर करून छत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतलं.

"छत फर्स्टक्लास आहे," ते म्हणाले. "नाटकाचं शेवटचं वाक्य तेवढं बदलायला लागेल."

आणि गर्दी येताना दिसली तसे ते उठले, कोट लेकीच्या हातात दिला, आणि सवयीने दार उघडून धरून उभे राहिले. बाहेर अख्खी पेठ उजळलेली होती.