वाऱ्याची ओवी

"समद्यांची ओवी गा, गोजरे, पन जावयाची गाऊ नको. ओवीत घेतला की तो आपला झाला. मग त्याच्याशी भांडायला तोंड उरत न्हाई."

जात्याच्या घरघरीतून आलेला आईचा तो आवाज गोजरबाईंच्या कानात अजून तसाच होता. भाऊ, दीर, लेकी, बैलजोडी, दारातला लिंबसुद्धा त्यांच्या ओवीत येऊन गेला होता. जावई राधाकिशन तेवढा आला नव्हता. त्याच्याशी बोलणंही नव्हतं. सासूनं जावयाशी तोंडानं बोलायचं नाही, जे सांगायचं ते लेकीच्या मार्फत, अशी घरची रीत.

आज लेकच बोलायच्या अवस्थेत नव्हती. पाथरीहून परभणीच्या दवाखान्याकडे निघालेल्या मोटारीत दैवशाला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कळा सोशीत होती. पहिलंच बाळंतपण, आणि मूल आडवं. सुईणीनं हात टेकले होते. राधाकिशन दिनकररावांच्या कापसाच्या जिनिंगवर ड्रायव्हर. मालकांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवून "पळ" एवढंच म्हटलं होतं.

बाहेर वैशाख पेटला होता. मैलाच्या दगडांवरची निजामाच्या वेळची उर्दू अक्षरं नव्या चुन्याखालून डोकावत होती आणि पाहता पाहता मागे पडत होती.

गाडीत वारा आत घ्यायची एक गोल झडप होती, पुढच्या काचेखाली. अडलेल्या बाईला वारं लागू नये म्हणून निघतानाच गोजरबाईंनी त्या झडपेत फडक्याचा बोळा कोंबला होता. राधाकिशननं तो पाहिला, पण काढला नाही. खिडक्यांना मापानं कापून वाळ्याच्या ताट्या बसवल्या होत्या, त्यांच्यावर तो थोड्या थोड्या वेळानं गाडी थांबवून पाणी शिंपडत राहिला. पुन्हा बसला की रेडिओचं बटण दोन बोटांनी हलकेच फिरवायचा. खरखरीतून कुठल्या तरी लांबच्या गावची सनई वर यायची, आणि ती आली की दैवशालाच्या मुठी जरा सैल व्हायच्या.

गोजरबाई त्या बोटांकडे बघत होत्या. एवढ्या लोखंडात बसलेला माणूस, पण बोटं दुधाचं भांडं उतरवणारीची.

"आई... जीव घुसमटायलाय," दैवशाला म्हणाली आणि तिचे डोळे वर गेले.

गोजरबाईंनी घाईघाईनं पदर पुढे ओढला. पण सांगायचं कुणाकडून? लेकीचं डोकं अलगद सीटवर टेकवून त्या पुढच्या सीटवरून वाकल्या, झडपेतला बोळा उपसला आणि मोटारीलाच म्हणाल्या, "घे गं गाडीबाई, तुजं नाक मोकळं. माजंच चुकलं."

वाऱ्याचा झोत आत आला. ओल्या वाळ्याचा वास गाडीभर झाला. दैवशालानं डोळे उघडले.

राधाकिशनही मग सासूला ऐकू जाईल असा, समोर बसवलेल्या छोट्या पंख्याशी बोलला. "पंख्या, मामीला सांग, समोरून यष्टी यायलीय. धुरळा येईल. झडप जराशी लावतो, यष्टी गेली की उघडतो."

"पंख्याला म्हनावं, इचारतोस काय? तुला कळतंय."

दैवशाला त्या दुखण्यातही हसली. "दोगं बी येडे हायेत," ती म्हणाली.

मानवतरोडचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. समोर बैलगाड्यांची रांग, आणि इंजिनातलं पाणी उकळायला लागलेलं. राधाकिशननं इंजिन बंद केलं. झडपेतून येणारा वारा थांबला. त्यानं तो रबरी पात्यांचा पंखा मागे वळवून सुरू केला. आणि मग त्याचा हात रेडिओच्या बटणावर थबकला.

"अगं, ब्याटरी म्हातारी हाय," तो बायकोला म्हणाला. "दोन्ही चालू ठेवले तर गाडी परत उठायची न्हाई. पंखा न्हाईतर गानं, एकच."

"गानं बंद नका करू," दैवशालानं आईचं मनगट घट्ट धरलं. "त्याच्यामागं मागं चालले मी. ते थांबलं की मी थांबते."

राधाकिशननं एकदा तिच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सनई बंद केली.

गाडीत नुसती पंख्याची फडफड उरली. दैवशालाच्या तोंडून हुंदका आला. राधाकिशन मान खाली घालून बसला होता. हात अजून त्या मुक्या बटणावरच.

गोजरबाईंनी लेकीच्या कपाळावर तळवा ठेवला. जातं नव्हतं, तर तो तळवाच गोल फिरवत त्यांनी सूर लावला.

"ऊन गं वैशाखाचं, लेकीच्या माथ्यावर..."

दुसरी ओळ त्यांनी म्हटली नाही. पहिलीच पुन्हा घोळवली. पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी शेवटाशी येऊन आवाज दाराशी थांबल्यासारखा थांबे. पण दैवशालाचा श्वास त्या सुराला धरून चालू लागला. पुढच्या गाडीवाल्यानं बैलांच्या घुंगुरमाळा हातानं दाबून धरल्या.

मालगाडी धडधडत गेली. फाटक वर गेलं. पाणी निवलं होतं. पहिल्याच खेपेला इंजिन उठलं, झडपेतून वारा आला, आणि राधाकिशननं रेडिओकडे हात नेला.

"नगं," दैवशाला पुटपुटली. "आई, फुडचं म्हन."

चाकं रुळांवरून हलकेच पार झाली, पोटातलं पाणी हलू नये अशी. गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. समोरच्या आरशात जावयाची नजर होती. तिच्यात बघून, पहिल्यांदाच, त्यांनी ओळ पुरी केली.

"वारा मुठीत धरून, माझा राधाकिशन रथावर."