ताईसारखं

राजीनामा मॅनेजरने दोनदा वाचला आणि कारण विचारलं.

स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, धाकटी म्हणाली. मग अडवत नाही, असं म्हणून त्याने सही ठोकली. ती दारातून बाहेर पडायच्या आत त्याने फोन उचलला होता.

शर्टांच्या त्या कारखान्यात ती सात वर्षं सुपरवायझर होती. वरच्यांची बोलणी खायची, खालच्यांचे शिव्याशाप. लघवीला जायचं तरी कुणाला तरी सांगून जायचं. बरोबरीच्या पोरींना यश म्हणजे दारावर आपल्या नावाची पाटी आणि पेपरात फोटो वाटे. धाकटीचं मागणं एवढंच, की मनात आलं तर भरदुपारी कुणाला न विचारता घरी जाता यावं.

थोरल्या बहिणीला ते जमलं होतं. एका मशिनवर पिशव्या शिवता शिवता तिने सहा मशिनचं वर्कशॉप उभं केलं होतं. आईचं ऊठसूट एकच, ताईकडे बघ जरा.

कारखान्यातून निघून, आईसाठी औषधं घेऊन, धाकटी तासाभरात वर्कशॉपवर पोचली. शिवणाऱ्या बायका दिसल्या नाहीत. त्यांना सुट्टी दिलीय, ताई म्हणाली. तिचे डोळे लाल होते. कापडाची धूळ जाते, म्हणाली. मशिनं झाकून ठेवली होती आणि ती उरलेले धागे रिळांना गुंडाळत बसली होती.

धाकटीने एका दमात सगळं सांगितलं. परतीचे दोर कापून आलेय, उद्यापासून तुझ्या हाताखाली काम करते, अगदी झाडू मारायलाही तयार आहे, म्हणाली.

"मला तुझ्यासारखं व्हायचंय, ताई."

ताईचा हात थांबला.

"राजीनामा मागे घेता येईल?"

"कशाला? कशीबशी सुटलेय."

ताईने हातातलं रीळ खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. धाकटीला वाटलं, ही आनंदाने रडतेय. तिने जवळ जाऊन बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चार महिने झाले, इथे एक पिशवी शिवली गेली नाही," ताई खाली बघत म्हणाली. "उद्या कुलूप लावतेय. तुमच्या कारखान्यात अर्ज टाकला होता, तुला कळू देऊ नका म्हणून हात जोडले होते. मघाशी मॅनेजरचा फोन आला. एका सुपरवायझरची जागा अचानक रिकामी झालीय म्हणे. मी हो म्हटलंय."