कोठारातली आवराआवर

"मीठ बाई चुलीपाशी, हळद तिच्या आड,
गूळ गेला शिंक्यावर, बाळा, हातानं काढ."

जात्यावरून आईचा आवाज आला आणि आप्पाजींचा हात आपोआप वर गेला. वरची फळी, डावीकडचं खोकं, पितळी चकत्या. आई जाऊन कितीक वर्षं झाली होती. दिव्याचं तेल वाचावं म्हणून ती पहाटेच्या अंधारात पोराला अशी ओवीतून वाट सांगायची. त्याच चालीवर आप्पाजींनी कोठाराचीही ओवी बांधली होती.

"सापडल्या?" मागून साहेबांनी विचारलं.

"सापडायला हरवल्यात कुठं?"

रघुपती साहेब हसले नाहीत. पुण्याकडचे तरणे इंजिनीयर, बेंगळूरच्या कारखान्यात नवेच आलेले. आल्या आल्या त्यांनी आप्पाजींच्या कोठाराला हात घातला होता.

कोठार म्हणजे एक लांबलचक बिनखिडकीची खोली. छताला एकच दिवा, तोही धुळीनं पिवळा पडलेला. माल येईल तसा, जागा दिसेल तिथं ठेवलेला. एकाच यंत्राचे बोल्ट दाराशी, चकत्या वर, नट पार टोकाला. हे सगळं आप्पाजींच्या पायांना आणि बोटांना पाठ होतं. असायलाच हवं होतं. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. कारखान्याच्या डॉक्टरला कळलं, तर नोकरी गेलीच. म्हणून बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

"एका यंत्राचं सगळं एका जागी," साहेब म्हणाले. "मागणी आली की हात घातला, दिलं. फिटर ताटकळत नाही, तुमची पायपीट नाही."

"आणि हलवताना एखादं खोकं मधेच राहिलं, तर? ना जुन्या जागी, ना नव्या. शिवाय नवा माल आला की पुन्हा विस्कटणारच की."

"तेव्हा पुन्हा लावू. पण एकदा लावलं, की मला विचारल्याशिवाय बोटभरसुद्धा कुणी हलवायचं नाही."

"सरी, बरं तर. माणसं मागवू?"

"नको. शनिवारी सुट्टी झाल्यावर आपण दोघंच."

येलहंक्याला घरी बायकोनं, भागुबाईंनी, हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सुनेनं फडताळ आवरलं, तर आठ दिवस फुगून बसलात. आता काय करणार?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला कळलं तर नाही?"

"तसंच वाटतंय. सारखं मलाच वाचायला लावतो. ही चिठ्ठी वाचा, ती चिठ्ठी वाचा. मी हातानं चाचपून ठोकून देतो. परवा चुकलो, लोखंडाला पितळ म्हणालो. तर म्हणतो कसा, छान! खेळवतोय मला. आत शिरला की खांद्यावर हात ठेवून मागं मागं चालतो. कुठं अडखळतो ते बघत असणार."

"एवढा दुष्ट?"

"तसा गोड आहे गं. कितीही काम असू दे, दिवेलागणीच्या आत घर गाठतो. बायकोचा धाक असेल."

"तुम्हाला नाही ना कुणाचा," भागुबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या.

शनिवारी दुपारी कारखाना रिकामा झाला. वाऱ्यानं दार आपटत होतं, ते साहेबांनी ओढून घेतलं. खोकी हलू लागली. सुरुवातीला आप्पाजींना वाटलं, आपलं घरच कुणी पायाखालून काढून घेतंय. जुनी ओवी एकेका खोक्यासरशी खोटी पडत होती. पण हळूहळू बोटांना गंमत वाटू लागली. नटाच्या शेजारी नट, त्याला लागून चकती. हात लांबवावाच लागत नव्हता. नकळत ते पुटपुटले,

"बोल्ट बाई दारापाशी, नट तिच्या कुशी…"

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"पुन्हा म्हणा ना, अण्णा. लक्षात राहील."

आप्पाजी ओशाळले, पण म्हणाले. साहेबांनी ती ओळ हळूच स्वतःशी घोळवली.

काम अर्ध्यावर आलं आणि आप्पाजींच्या डोक्यावरचा पिवळा डाग पुसला गेला. वीज गेली. खोकं हातात, जुनी जागा मोडलेली, नवी अजून पाठ नाही. नेमकी हीच भीती होती. ते जागीच उभे राहिले. साहेब आता पहारेकऱ्याला हाक मारतील, नरसिंहा, कंदील आण म्हणतील, याची वाट बघत.

हाक आली नाही. खांद्यावर नेहमीचा हात आला, आणि पाठोपाठ कागद सळसळला.

"अण्णा, ही चिठ्ठी जरा वाचा. अक्षर फार बारीक आहे."

आप्पाजींनी चिठ्ठी घेतली. बोटांत फिरवली. खांद्यावरचा तो हात त्यांना पहिल्यांदाच नीट कळला. जत्रेत लहान पोर धरतं, तसा घट्ट होता.

"साहेब," ते म्हणाले, "दिवा गेलाय."

मागून आवाज आला, "केव्हा?"

"मघाशीच. घाबरू नका. मला तर तो असतानाही कुठलीच चिठ्ठी वाचता येत नव्हती."