सव्वीस पेशींचा ताल

मायवेनने थंड खारं पाणी बशीत थेंबाथेंबाने सोडलं आणि कान दिला. यंत्राच्या स्पीकरमधून टक-टक-टक. ताल चालू होता.

बशीत खेकड्याच्या जठरावरून सोडवलेली मज्जागाठ, म्हणजे मज्जापेशींचा गुच्छ, होती. इनमीन सव्वीस पेशी. ना मेंदू, ना पोट, ना घास. तरी त्या आळीपाळीने, सेकंदाला एकदा, जठर हलवायचा हुकूम सोडत होत्या. आज सहावा दिवस.

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या या प्रयोगशाळेत खेकड्याच्या नांग्या सूपमध्ये जात. पण ज्याने सोडवलेली गाठ जिवंत, त्याने ती थांबेपर्यंत गाव सोडायचं नाही, अशी रीत होती. रोझेनबाई सोमवारी निवृत्त झाल्या. त्या दिवशी त्यांनी शेवटची गाठ सोडवली. हिचं पाणी कुणी बदलू नका, ही थांबली की मी मुलीकडे लियाँला निघाले, असं त्यांनी सांगून टाकलं. गाठ थांबेना. बाईंसारखीच आहे, निवृत्त व्हायला तयार नाही, असं प्रयोगशाळेतला यान रोज चिडवायचा.

सोमवारी मायवेननेही शेजारी बसून एक गाठ सोडवली होती. यंत्रावर तिची रेघ सपाटच राहिली. वर्षातली ही अकरावी फसलेली. बाई गेल्यावर शिकवणार कोण? म्हणून रोज सकाळी कुणी यायच्या आत ती चोरून पाणी बदलत होती.

आज मागे दार वाजलं. रोझेनबाई दारात उभ्या होत्या, अंगात कोट, हातात बॅग.

"पाणी कोण बदलतं ते मला कळत नाही असं वाटलं तुला?"

मायवेन पिपेट लपवायलाही विसरली. "ही थांबली की तुम्ही जाणार, बाई. आणि मला अजून एकही जिवंत सोडवता येत नाही."

बाई स्टूल ओढून बसल्या. सोमवारी मायवेन रडत घरी गेल्यावर आपण तिची बशी तपासली, असं त्यांनी सांगितलं. मज्जातंतूभोवतीचं व्हॅसलीनचं कडं गळत होतं. त्यामुळे गाठीचे ठोके यंत्रापर्यंत पोचतच नव्हते. नवं कडं घालताच गाठ बोलायला लागली.

मायवेन गोंधळली. "मग ती कुठे आहे?"

"ही काय, तुझ्यासमोर. माझी त्याच संध्याकाळी थांबली, तिच्या जागी तुझी ठेवली," बाई म्हणाल्या. "तुझी आहे म्हणून सांगितलं असतं, तर हात लावायला घाबरली असतीस."