गाडी गार होईपर्यंत

हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात ताइस्तोनं गाडीचं मागचं दार वर उचललं, तशी आतली ऊब वाफ होऊन भसकन बाहेर आली. शवपेटी ढकलत आणणारा यार्मो जागच्या जागी थांबला. शवागाराचं काम बघणारा हा पन्नाशीचा गडी. त्यानं हातमोजा काढून गाडीत हात घातला आणि लगेच बाहेर घेतला.

"काका, गाडी तापवलीत?"

"मग? उणे एकतीस आहे बाहेर," ताइस्तो म्हणाला. "आल्या आल्या त्या विजेच्या खांबाला गाडीची केबल लावून ठेवली. इंजिनही तापलंय आणि आतही मस्त झालंय. सीटला हात लावून बघ हवं तर."

"बाबा…" मागे उभी असलेली त्याची मुलगी काइसू म्हणाली.

आता या माणसाला सांगायचं तरी कसं? थंडी पडली की सकाळी उठून आधी गाडी तापवायची आणि मग कॉफी, यात त्याचा उभा जन्म गेला. आउने, त्याची बायको, मुळात थंडीची भारी कच्ची. ही हायब्रीड घेतली तीही तिच्यासाठीच. केबल लावली की इंजिन आणि आतली हवा दोन्ही गरम, आणि आवाज म्हणून नाही. "मला राणीसारखी बसवतोस बघ," असं ती म्हणायची आणि टोपी काढून मांडीवर ठेवायची. आज सकाळीही डोकं ताळ्यावर नव्हतं, तरी हात आपसूक केबलकडे गेलाच.

"इंजिन तापवलंत ते बरंच केलंत," यार्मो सांभाळून म्हणाला. "नाहीतर या थंडीत रडत बसेल. पण आतलं गरम नको, काका. काकूंना गारच न्यायला लागतं. आम्हीही इतके दिवस गारच ठेवलंय. तुमचं गाव दोन तासांवर आहे, तेवढ्यात ऊब लागली तर… बरं नाही व्हायचं."

"ती गारठेल," ताइस्तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. पण तो तस्साच मान ताठ ठेवून उभा राहिला.

"बाबा, अहो, आई आता…"

"मला कळतं ती आता काय आहे ते! तू नको शिकवूस."

"शिकवत नाहीये हो. शववाहिनी बोलवू या, असं कालपासून घसा फोडून सांगतेय. तर म्हणे, परक्या गाडीत घालणार नाही. ऐकाल तर शपथ!"

खरंच नव्हता घालणार. त्याच्या आजीला त्याच्या बापानं स्वतः घोडा हाकत घसरगाडीवरून नेलं होतं, आणि आपलं माणूस आपणच पोचवायचं एवढं ताइस्तोला तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं. पण घसरगाडीत गरम-गारचा प्रश्नच नव्हता. गाडी उबदार करून ठेवायची चूक बाप-आजोबांपैकी कोणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. ती त्याच्याच वाट्याला आली.

त्यानं खांबाची केबल उपटली. मग चारही दारं एकेक करून सताड उघडली. यार्मोनं पेटी परत आत नेली आणि तो पुन्हा बाहेर आला. त्याला खरं तर बाहेर थांबायची काही गरज नव्हती.

तिघं अंगणात उभे राहिले, गाडी गार व्हायची वाट बघत. उत्तरेकडचा हिवाळा; सकाळचे दहा वाजले होते तरी उजाडलं नव्हतं, आकाश नुसतं निळसर झालं होतं. काइसूच्या पापण्यांवर बर्फाची कणी धरली. ताइस्तो मधूनमधून वाकून सीटवर तळहात ठेवायचा.

"झाली?" यार्मोनं विचारलं.

"नाही अजून. चांगली तापते ही गाडी," ताइस्तो म्हणाला, आणि तिथंच त्याला रडू फुटलं. काइसूनं जवळ येऊन त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही.

शेवटी सीट दगडासारखी गार झाली. पेटी आणली, तिघांनी मिळून आत सरकवली. पेटी लांब, म्हणून बाजूची सीट आडवी करावी लागली होती. पेटीचं टोक थेट ताइस्तोच्या कोपरापाशी आलं.

"हीटर लावू नका," यार्मो म्हणाला. "आणि काच बोटभर उघडी राहू द्या, नाहीतर तुमच्या श्वासानं आतून बर्फ धरेल."

"बाबा, ही गाडी मी चालवते. तुम्ही माझ्या गाडीत बसा ना, ती गरम आहे."

"तू मागनं ये."

आडव्या केलेल्या सीटवरून आउनेचं लोकरीचं पांघरूण खाली घसरलं होतं. गुडघ्यांवर घ्यायची ती. ताइस्तोनं ते उचललं, झटकलं, आणि ओरडा खाल्लेल्या पोरासारखं यार्मोकडे बघितलं.

"हे घालू का तिच्यावर? की हेही नको?"

यार्मोनं जरा विचार केला.

"घाला की. चांगलंच आहे ते. तुम्ही इतके जवळ बसणार, पांघरूण मधे असलं की तुमच्या अंगाची ऊब त्यांना लागायची नाही."

ताइस्तोनं पांघरूण घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं, कुठे फट राहिली का ते चाचपून बघितलं. मग तो गाडीत बसला, दार लावलं, आणि चारही काचा पार खाली केल्या.

"बाबा, बोटभर म्हणाले ते!" काइसू ओरडली.

गाडी आवाज न करता अंगणाबाहेर पडली.