हिवाळ्याचं बिल

कुवेतमधल्या तेवीस वर्षांत अबरारला हिवाळ्यात एवढं वीजबिल कधीच आलं नव्हतं. एसी तर महिनाभर बंद होता. शोधता शोधता गीझर चालू सापडला आणि तो बायकोवर उखडला.

"अम्मी दिवसभर नमाजासाठी गरम पाण्याने वजू करतात," शाझिया हळूच म्हणाली. "नमाज पढून झाली, हेच विसरतात. सकाळपासून ही पाचवी खेप."

त्याने गीझर बंद केला आणि अम्मीला समजवायला तिच्या खोलीकडे गेला. दोन महिन्यांपूर्वीच राजापूरहून इथे आणलेली म्हातारी नमाजाच्या मुसल्ल्यावर ओले हात पसरून बसली होती.

"या अल्ला, माझ्या अबरारला कुवेतात नोकरी लागू दे."

अबरार दारातच थबकला. मग हळूच म्हणाला, "आमीन."