बटणवाल्या कुमुदताई

कपाळाला पट्टी बांधायची आणि नुसतं मनात आणायचं, की पडद्यावरचा गडी धावलाच. सांगलीच्या व्हिडिओ गेम स्पर्धेच्या अंतिम फेरीत शलाकाचा गडी दरीवरच्या दोरापर्यंत विजेसारखा पोहोचला. तिथे ‘पडलो तर?’ असं तिच्या मनात आलं मात्र, तो खरंच कोसळला.

शेजारी कुमुदताई जुन्या बटणांच्या कंट्रोलरवर खेळत होत्या. बटणांचा खेळ संथ, म्हणून सगळे त्यांना हसले होते. त्यांचा गडी मागाहून रमतगमत आला आणि दोरावरून सरळ पार झाला.

“तुम्हाला भीती नाही वाटली?” शलाकाने विचारलं.

कुमुदताईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. त्यांचे गुडघे अजून लटपटत होते.

“बटणं दाबतात ती बोटं, बाळा. गुडघ्यांना कोण विचारतंय?”

शलाकाने कपाळाची पट्टी सोडली आणि कंट्रोलरसाठी हात पुढे केला.